कुकरची रिंग आणि मित्रराष्ट्र

अरुणा, तू सांगितलं होतंस तसं मी वागलेले नाही. आधीच सांगून टाकते, उगाच आशा नको. हॉस्पिटलात माझा हात धरून तू म्हणालीस, "शैला, त्याच्याशी भांडू नकोस. पुस्तक आलं ना, झालं." मी हो म्हटलं. अशा वेळी कोण नाही म्हणतं? पण ते हो खोटं होतं आणि तुला ते कळलं असणार, कारण तू लगेच डोळे मिटलेस आणि मला घरी जायला सांगितलंस.

तुला जाऊन एकतीस दिवस झाले. या एकतीस दिवसांत मी रडले तीनदा आणि चिडले रोज. भेटायला येणारा प्रत्येक जण तू किती शांत होतीस ते मला ऐकवतो. ॲन आर्बरमधल्या सगळ्या काकू एका सुरात म्हणतात, "कधी आवाज चढवला नाही हो तिने." मी चहा ओतते आणि मान हलवते. तुझा तो शांतपणाच मला आता सोसवत नाही. त्याच्यावर एका माणसाने अठरा वर्षं आपली पोळी भाजून घेतली, आणि आता तुझ्या पुस्तकावर त्याचं एकट्याचं नाव सोनेरी अक्षरांत आहे.

त्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. आपल्यात तो कायम 'मित्रराष्ट्र'च होता. नाव तूच ठेवलंस; त्याला मराठी येत नव्हतं, म्हणजे त्याच्यासमोरसुद्धा बिनधास्त बोलता यायचं. "मित्रराष्ट्र आज खुशीत दिसतंय." "मित्रराष्ट्राला अजून एक पोळी वाढ." त्याने एकदा अर्थ विचारला तेव्हा तू सांगितलंस, दोस्त देश. केवढा खूश झाला होता! नंतर मला म्हणाला, अरुणाने मला किती सुंदर पदवी दिली आहे. मी पोळी गिळता गिळता ठसकले होते.

आपली दोस्ती झाली ती मराठी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये पोरं बाराखडी गिरवायची. तुझी इरा आणि माझा रोहन दोघंही तिथे तोंड पाडून जायचे. आपण दोघी तुझ्या गाडीत हीटर लावून दोन तास बसायचो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तू काय करून राहिली एवढं लिहून?" तर तू आधी माझ्या नागपुरी मराठीला हसलीस आणि मग मांडीवरची कार्डं दाखवलीस. छोटी, रेघांची, बुटांच्या खोक्यात उभी लावलेली. सगळी मराठीत. इंग्रजी कागद वाचायचे आणि टिपणं मराठीत काढायची, ही तुझी रीत. म्हणे हात भराभर चालतो, आणि शिवाय कुणी डोकावत नाही.

विषय विचारला की तू एका वाक्यात सांगायचीस, दोस्त देश एकत्र लढायला कसे शिकले ते. करार कुणी केले आणि कुठल्या पेनाने सह्या केल्या, त्याच्याशी तुला घेणंदेणं नव्हतं. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे काय झालं ते तुला हवं होतं. पहिल्या महायुद्धात दोस्तांची सैन्यं तीन वर्षांहून जास्त शेजारीशेजारी लढली, पण सगळ्यांवर एक सेनापती नेमायला शेवटचं वर्ष उजाडावं लागलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचा बोल्ट अमेरिकनांच्या नटात बसत नव्हता, कारण दोघांचे आटे वेगवेगळ्या कोनात कापलेले. शत्रू एकच, पण एकाचं मोडलेलं इंजिन दुसऱ्याच्या सामानाने दुरुस्त होत नाही! लढाई संपल्यावर कुठे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बसून एकच आटा ठरवला. वायरलेसवर 'ए फॉर अल्फा' अशी अक्षरं सांगायची तर त्यासाठीचे शब्द सगळ्यांना सारखे कळले पाहिजेत, म्हणून किती खल चालला तेही तू सांगायचीस. मी कारखान्यातली बाई. मला इतिहासाचा कंटाळा. पण आट्यांची गोष्ट ऐकली आणि त्या रविवारी पोरं गाडीच्या काचेवर टकटक करेपर्यंत मी ऐकतच राहिले.

मग मी तुला माझी गोष्ट सांगितली. आठवतं?

इथे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या ज्या कारखान्यात मी टेस्ट इंजिनियर होते, तिथे आम्ही इंधनाच्या पाइपांची जोडणी बनवायचो. एका देशाचा टँकर दुसऱ्या देशाच्या लष्करी गाडीला लागला पाहिजे, म्हणून. थंडीतल्या एका सकाळी दोन देशांचे अधिकारी चाचणी बघायला आले. कागदावर दोन्हीकडची मापं तंतोतंत जुळत होती. जोडणी केली, पाणी सोडलं आणि सगळ्यांच्या बुटांवर फवारा उडाला. मग दोन्हीकडचे साहेब आपापली फाइल उघडून आपलं माप कसं बरोबर ते एकमेकांना वाचून दाखवायला लागले. अर्धा तास. मला वाटत होतं की त्यांच्याकडचं गॅस्केट, म्हणजे जोडातली रबरी चकती, चपटं पडलंय आणि मागे फट राहतेय. पण माझं कोण ऐकतो? माझ्या गाडीत आदल्या दिवशी इंडियन ग्रोसरीतून आणलेली कुकरची नवी रिंग होती, तीन लिटरच्या कुकरची. मी ती कापली, पट्टी गॅस्केटच्या मागे बसवली आणि पाणी पुन्हा सोडायला लावलं. गळती पूर्ण थांबली नाही, पण एवढी कमी झाली की दोष कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसलं. फायली मिटल्या.

तू हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस, हॉर्न वाजला, आणि शाळेच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. मग लगेच कार्ड काढलंस. "हे माझ्या पाचव्या प्रकरणाची सुरुवात आहे," म्हणालीस. मी घाबरले. चाचणीच्या टेबलावर बाहेरची वस्तू लावायची आमच्याकडे सक्त मनाई, आणि कारखान्यातलं बाहेर बोलायचीही. नोकरी गेली असती. तेव्हा तू तोड काढलीस. पुस्तकात कुकरची रिंग न घालता कॉफीच्या यंत्राचा वॉशर घालायचा, मिशिगनऐवजी ओहायो, आणि माझ्याऐवजी नुसतं 'एक तंत्रज्ञ'. मी रिटायर झाले की खरं काय ते लिहायचं. एवढं ठरलं आणि आपण ते विसरलो. निदान मी तरी; रिटायर झाल्यावरही मला ते आठवलं नाही.

आता तो भाग, जो मला टोचतो. मित्रराष्ट्राला तुझ्या आयुष्यात मी आणलं.

तो दुसऱ्या गावातल्या एका कॉलेजात प्राध्यापक, नाव मोठं, ओळखी मोठ्या. तुझ्याकडे काय होतं? कॉलेजात तासावर पैसे देणारे वर्ग आणि खोक्यांत भरलेली कार्डं. प्रकाशक उत्तर देत नव्हते. त्याने एका परिषदेत तुझं ऐकलं आणि म्हणाला, आपण मिळून करू. तू का-कू करत होतीस. मी म्हटलं, "घे ना त्याला. मोठं नाव लागतंच इथे. तू लिही, तो दारं उघडेल." या तोंडाने म्हटलंय मी हे, अरुणा. तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, मटार सोलता सोलता.

आणि गंमत बघ. त्याच वर्षी तू वसईच्या तहावर लिहीत होतीस. मी म्हटलं, हे कुठलं मध्येच? अमेरिकेतल्या पुस्तकात बाजीराव? तू म्हणालीस, संरक्षणाच्या भागीदारीची ही आपल्या घरातली गोष्ट आहे, ती सोडून मी दुसऱ्यांच्या घरात का शिरू? दुसरा बाजीराव होळकरांच्या धाकाने पळाला, कंपनीकडे गेला आणि सही केली. कंपनीची तैनाती फौज पुण्याला येणार, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, आणि यापुढे इतर कुणाशी बोलायचं झालं तर आधी कंपनीला विचारायचं. तू ते मला पायरी पायरीने समजावलंस. आधी मदतीला येतात, मग मुक्कामाला राहतात, मग घर चालवतात.

यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. मी म्हणायचे, बाजीरावाची लाचारी आणि आजचे बरोबरीचे करार एका पंगतीत बसवू नकोस, मी दोन देशांचे साहेब एका गॅस्केटवर वाकलेले पाहिलेत. तू म्हणायचीस, सही कुणाची आहे ते सोड. धाकट्याने एकदा 'नाही' म्हणून बघावं. पुढच्या बैठकीला त्याची खुर्ची असेल तर ती दोस्ती, नसेल तर ती तैनाती फौज. दोस्त देशांच्या इतिहासात अशा कितीतरी नकारांची कार्डं तू काढली होतीस. कुणी विमानांना आकाश दिलं नाही, कुणी सैन्य पाठवलं नाही, आणि तरी खुर्ची राहिली. ती कार्डं तुला सगळ्यांत प्रिय होती.

आणि तू? मित्रराष्ट्राने सांगितलं, प्रकाशकांशी यापुढे मीच बोलतो, गोंधळ नको. तू बरं म्हटलंस. त्याने सांगितलं, कच्चा खर्डा माझ्या कॉम्प्युटरवर राहू दे. बरं म्हटलंस. वसईचं प्रकरण वाचकाला जड जाईल म्हणून त्याने ते काढून टाकलं. तेव्हाही बरं! मी ओरडले, "अगं, कंपनी पुण्यात शिरली, दिसत नाही का तुला?" तू भांडी विसळत म्हणालीस, "सगळंच लढून मिळत नाही, शैला." मला तेव्हा तुझा राग आला होता. आजही येतो. दुसऱ्यांच्या नकारांवर खोकीच्या खोकी भरणाऱ्या बाईला स्वतःचा एक नकार जमू नये?

पुस्तक आलं तेव्हा तू हॉस्पिटलात होतीस. इराने आणून दिलं. मुखपृष्ठावर तुझं नाव नव्हतं. मी मागून पुढून शोधत गेले आणि आभारांत सापडलं. यादीत चौथं. त्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खाली. 'अथक साहाय्याबद्दल.' मी पुस्तक भिंतीवर फेकणार होते. तू ते मागितलंस, पाचवं प्रकरण काढलंस, बोटाने ओळी वाचल्यास आणि हसलीस. "बघ, तुझा कॉफीवाला वॉशर." मला वाटलं औषधांमुळे हसते आहेस. त्यानंतर दहा दिवसांनी तू गेलीस.

घर रिकामं करताना इराने मला फोन केला. "मावशी, आईचे बॉक्सेस आहेत, लाइक, ट्वेंटी वन ऑफ देम. आय कान्ट रीड इट फास्ट. काय करू? रिसायकल?" मी तशीच गाडी काढून गेले. एकवीस खोकी माझ्या जेवणाच्या टेबलावर, खुर्च्यांवर, सोफ्यावर. सुरेश म्हणजे माझा नवरा आठवडाभर उभ्याने जेवला. मी एका हाती त्याचं पुस्तक आणि एका हाती तुझी कार्डं घेऊन ओळीला ओळ लावत गेले. सगळं तुझं. आट्यांचं तुझं, वायरलेसचं तुझं. पण कार्डं मराठीत, आणि तो सहज म्हणू शकला असता की ही माझ्या सांगण्यावरून काढलेली टिपणं आहेत. मग मी पाचव्या प्रकरणाची तळटीप वाचली, आणि खुर्चीवरची खोकी खाली ठेवून बसले. तिथे छापलं होतं: 'तंत्रज्ञाची लेखकाने स्वतः घेतलेली मुलाखत, ओहायो.'

अरुणा, हॉस्पिटलात तू याला हसली होतीस ना?

तो माणूस माझ्या हातची पोळी चार वेळा जेवलाय. चारही वेळा त्याने माझं नाव नव्याने विचारलं. आणि माझी मुलाखत त्याने घेतली. ओहायोत!

इरा म्हणाली, "लेट इट गो, मावशी. आईला नको होतं." मी तिला म्हटलं, तुझ्या आईला नको होतं, मला हवंय. मला त्याची माफी नको होती, त्याला एकांतात गाठून समजवायचंही नव्हतं. चारचौघांत त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. हे वाईट असेल तर असू दे.

गेल्या शनिवारी दुपारी तो इथल्या एका पुस्तकांच्या दुकानात बोलायला आला. कार्यक्रम तुझ्या स्मृतीला वाहिलेला, असं दारावर लिहिलं होतं. शंभरेक खुर्च्या, भरलेल्या. निम्मे आपलेच, तुला ओळखणारे. त्याने सुरुवातीला मोठ्या हळवेपणाने तुझ्याबद्दल सांगितलं. म्हणाला, ती माझा दोस्त देश होती. आपला शब्द! मग त्याने वाचायला नेमकं पाचवं प्रकरण काढलं. फवारा उडाला तिथे लोक हसले. वॉशर बसला तिथे टाळ्या पडल्या. अरुणा, त्या टाळ्या तुझ्या होत्या आणि तो त्या मान झुकवून घेत होता.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी हात वर केला. अगदी गोड आवाजात विचारलं, त्या तंत्रज्ञाबद्दल अजून सांगाल का? माणूस कसा होता?

त्याला नुसतं 'नाव सांगता येत नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण समोर शंभर माणसं, आणि गोष्ट रंगलेली. म्हणाला, फार साधा गृहस्थ. ओहायोत त्याच्या घरी गेलो होतो, लहानसं घर. त्याच्या बायकोने आम्हाला चहा करून दिला. तो वॉशर त्याने अजून जपून ठेवलाय, मला दाखवला.

मी उभी राहिले. म्हटलं, तो तंत्रज्ञ मी आहे. मी ओहायोत कधी राहिलेले नाही. तो वॉशर नव्हता, कुकरची रिंग होती. आणि मला बायको नाही, नवरा आहे, आणि त्याने आजवर कुणालाही चहा करून दिलेला नाही. मागच्या रांगेत सुरेशने प्रामाणिकपणे मान डोलावली.

आधी लोकांना हसू आलं. मग ते थांबलं. तो म्हणाला, काहीतरी गैरसमज होतोय. मी म्हटलं, मग तुमच्या मुलाखतीची टेप ऐकवा. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून मला जे सुख झालं ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. अठरा वर्षांचं साठलेलं सुख होतं ते, आणि त्यातलं थोडं मला स्वतःचं तोंड विसरायला लागत होतं, ते मटार सोलताना "घे ना त्याला" म्हणालेलं.

पण शेवटचा घाव माझा नव्हता. इरा उठली. तिच्या हातात कार्ड होतं. ते तिने खोक्यातून कधी काढलं, मला माहीत नाही. आधी ती इंग्रजीत म्हणाली की हे माझ्या आईचं अक्षर आहे, मी आधी मराठीत वाचणार आणि मग अर्थ सांगणार. आणि जी पोरगी शाळेत बाराखडीवर रडायची ती भर सभेत एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. "शैला... रिटायर... होईपर्यंत कॉफीचं यंत्र. मग कुकर. मग तिचं नाव, पूर्ण, पहिल्या ओळीत. प्रुफं आली की विसरू नये, नाहीतर ती मारेल."

मला हे कार्ड ठाऊकच नव्हतं. मी तुझ्या नावासाठी तिथे दात-ओठ खात उभी होते, आणि तू माझं नाव लिहून ठेवलं होतंस. प्रुफं तुझ्याकडे आलीच नाहीत. त्याने ती येऊ दिली नाहीत. अर्थ सांगताना तिचा आवाज फुटला. माझाही बांध तिथेच फुटला, आणि रडण्याचा आकडा दोनवरून तीनवर गेला.

तो मागच्या दाराने गेला. प्रकाशकाकडून आलेली एक बाई इराशी बराच वेळ बोलली, कार्डांचे फोटो घेतले. काल तिची ईमेल आली आहे. विक्री थांबवली आहे, चौकशी होईल, खोकी पाठवता का. मी कळवलंय की खोकी कुठेही जाणार नाहीत, ज्याला बघायची त्याने माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसावं, मी वाचून दाखवीन. आणि पुस्तक पुन्हा निघालं तर वसईचं प्रकरण आत गेलंच पाहिजे. आता त्यांच्याशी मी बोलणार आहे. मला 'बरं' म्हणता येत नाही, हे त्यांना लवकरच कळेल.

तुझ्याशी मात्र एक बाकी आहे. पंचवीस वर्षांत आपण इतकं भांडलो, पण तू मनापासून काही मागितलंस आणि मी मोडलं, असं कधी झालं नव्हतं. हे पहिल्यांदाच. तुझं शेवटचं मागणं होतं आणि मी त्याला नाही म्हटलं, तेही शंभर माणसांसमोर. दोस्ती कशी ओळखायची ते तूच शिकवलं होतंस. तेव्हा आता तूच बघ, तुझ्याकडे माझी खुर्ची अजून आहे का.